दुपारी बंद पडणारा लॅपटॉप

गेल्या मे महिन्यात अकोल्याला बहिणीकडे गेलो होतो. भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सबमिशन चार दिवसांवर आलं होतं. जेवणं आटोपली, कूलर सुरू झाला आणि थोड्या वेळानं आतल्या खोलीतून तिचा रडवेला आवाज आला, "मामा, पुन्हा गेला!" जाऊन पाहिलं तर स्क्रीन काळी. सूचना नाही, 'शटिंग डाउन'ची अक्षरं नाहीत. दिव्याचं बटण खाली करावं तसा लॅपटॉप बंद. सकाळी सात ते अकरा हाच लॅपटॉप निमूट चालत होता. दुपारी दोननंतर मात्र दर वीस-पंचवीस मिनिटांनी हे असं. गावातल्या एका दुकानात त्यांनी तो न उघडताच "मदरबोर्ड गेलाय" म्हणून सांगितलं होतं आणि अकरा हजारांचा आकडा दिला होता. बहिणीनं ते पैसे कपाटातून काढूनही ठेवले होते.

मला ते निदान पटेना. सकाळी चालायचं आणि दुपारी बंद पडायचं, हे वागणं तापलेल्या यंत्राचं असतं. दरवर्षी मार्च ते जून या काळात आपल्याकडे असे कितीतरी लॅपटॉप 'गेले' म्हणून बाजूला पडतात किंवा त्यांच्यावर नको तितका खर्च होतो. त्यातल्या पुष्कळांचं दुखणं काही शे रुपयांत आणि एका दुपारच्या कष्टात बरं होण्यासारखं असतं, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

आधी हे पाहू, की तो बंद का होतो. मिक्सरमध्ये शिरलेल्या विजेतली काही पातं फिरवण्यात जाते. प्रोसेसर काहीच हलवत नाही, उचलत नाही. त्यात शिरलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. साध्या लॅपटॉपमधली चिप १५ ते २८ वॅट खाते, जड कामाच्या लॅपटॉपमधली ४५ आणि त्याहून जास्त. वेगळी ग्राफिक्स चिप असेल तर तिची भर निराळी. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावरचं सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॅटचं असतं आणि ते शिसं-कथलाचा डाग वितळवतं. तेवढीच किंवा त्याहून जास्त उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात सतत तयार होत असते. ती तिथून उचलून बाहेर नेली नाही, तर काही सेकंदांतच तापमान भडकतं.

बरं, सिलिकॉन तापलं की आणखी एक गोष्ट घडते. चिपमधले अब्जावधी ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यांतून थोडी वीज झिरपत असते. तापमान वाढलं की ही गळती वाढते, गळती वाढली की उष्णता वाढते आणि उष्णतेनं पुन्हा गळती. चक्रवाढ व्याजासारखा हा हिशोब आहे आणि तो वेळीच थांबवावा लागतो. म्हणून चिपच्या आतच तापमान मोजणारे सूक्ष्म संवेदक बसवलेले असतात. लॅपटॉपच्या बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. ती जवळ आली की चिप आपला वेग कमी करते. आपल्याला ते "हँग होतोय" असं जाणवतं. वेग उतरवूनही तापमान चढतच राहिलं आणि शेवटची मर्यादा ओलांडली गेली, की मग कुणालाही न विचारता वीजपुरवठा तोडला जातो. ती काळी स्क्रीन म्हणजे यंत्रानं स्वतःचा जीव वाचवलेला असतो.

ही सोय नसती तर काय झालं असतं, हे २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळानं करून दाखवलं होतं. संगणकावर खेळ सुरू असताना त्यांनी प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, सरळ उचलून घेतला. पेंटियम ४ रांगू लागला, पण जिवंत राहिला. एएमडीच्या त्या काळच्या अॅथलॉन प्रोसेसरांकडे तशी व्यवस्था नव्हती. ते धूर सोडत काही क्षणांत जळून गेले. त्या चित्रफितीची तेव्हा फार चर्चा झाली. आज आपोआप बंद होणं ही सगळ्याच प्रोसेसरांमध्ये गृहीत धरलेली गोष्ट आहे.

आता सकाळ आणि दुपारचा फरक. पंखा आणि हीटसिंक चिपला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाहीत. ते फक्त चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातला फरक ठरावीक ठेवतात. समजा, एखाद्या कामासाठी हा फरक ५८ अंशांचा आहे. सकाळी खोली २६ अंशांवर असेल तर चिप ८४ वर राहते. काही त्रास नाही. दुपारी खोली ४३ वर गेली की तेच काम करताना चिप १०१ वर पोहोचते. लॅपटॉप तोच, काम तेच, बदलली ती फक्त हवा. अॅपल आपल्या मॅकबुकसाठी १० ते ३५ अंशांची हवा योग्य मानते आणि इतर पुष्कळ कंपन्यांच्या पुस्तिकांतही वरची मर्यादा ३५ चीच असते. अकोला, चंद्रपूर, जळगाव, परभणी इथल्या घरांत एप्रिलपासून ती रोजच ओलांडली जाते. आपल्या मुलांचे लॅपटॉप उन्हाळाभर त्यांना नेमून दिलेल्या हद्दीबाहेर काम करत असतात, हे विकत घेताना कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

अर्थात लॅपटॉप नीट असेल तर तो वेग कमी करून एवढं सोसून नेतो. पूर्ण बंद पडतोय याचा अर्थ त्या ५८ च्या फरकाचा कुठेतरी ८० झाला आहे. उष्णता बाहेर जाण्याच्या वाटेवर काहीतरी आडवं आलं आहे.

पण ते शोधण्याआधी दोष उष्णतेचाच आहे याची खात्री करून घ्यावी, कारण अचानक बंद पडण्याची इतरही कारणं असतात. उष्णतेची खूण तिच्या वेळापत्रकात सापडते. थंड लॅपटॉप वीस मिनिटं चालतो, बंद पडल्यावर लगेच सुरू केला तर चार मिनिटांतच पुन्हा जातो आणि तासभर निवू दिला की परत वीस मिनिटं काढतो, तर शंका घ्यायला जागा नाही. चार्जर काढल्याबरोबर किंवा बॅटरी तीस-चाळीस टक्क्यांवर असतानाच बंद होत असेल तर बॅटरी बघावी. उचलल्यावर, स्क्रीन हलवल्यावर बंद होत असेल तर कुठेतरी जोड सैल आहे. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद बहुतेकांना सापडते आणि ती पाहून घाबरायला होतं. तिचा अर्थ एवढाच की यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. कारण ती सांगत नाही. 'क्रिटिकल थर्मल इव्हेंट' असे शब्द असलेली नोंद दिसली तर मात्र उत्तर मिळालं. शिवाय एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखं मोफत साधन लावून काम करताना तापमान डोळ्यांसमोर ठेवावं. लिनक्सवर 'सेन्सर्स' ही आज्ञा तेच सांगते. भाचीच्या लॅपटॉपवर रेखाटनाची फाइल उघडण्याआधीच, नुसत्या चालू स्थितीत आकडा ७९ होता. फाइल उघडली आणि मोजून दोन मिनिटांत ९८.

आता ती वाट. चिपच्या पाठीला तांब्याची चपटी पट्टी टेकलेली असते. दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे दिसले तरी सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात आणि त्यांच्या फटींत हवा राहते. उष्णता वाहून नेण्यात हवा तांब्यापेक्षा सुमारे १५,००० पट कमी पडते. म्हणून त्या फटी भरायला मध्ये थर्मल पेस्ट लावतात. पेस्ट तांब्याच्या तोडीची नसते, पण हवेपेक्षा शेकडो पट बरी. वर्षानुवर्षं तापणं-निवणं चालू राहिलं की ती कडेला सरकते, सुकते आणि भिंतीच्या जुन्या चुन्यासारखी भुगा होते.

तांब्याच्या पट्टीतून उष्णता हीटपाइपमध्ये जाते आणि या नळीचं मला आजही अप्रूप वाटतं. वरून ती तांब्याची साधी चपटी नळी दिसते. आत ती पोकळ असते, हवा काढून घेतलेली आणि थेंब-दोन थेंब पाणी भरून सीलबंद केलेली. दाब कमी असल्यामुळे ते पाणी शंभर अंशांची वाट न पाहता बऱ्याच कमी तापमानाला उकळतं. चिपकडच्या टोकाशी त्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाकडे धावते, तिथे निवून पुन्हा पाणी होते आणि जाताना सोबत आणलेली उष्णता सोडून देते. परत यायला पंप नाही की मोटर नाही. नळीच्या आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा किंवा जाळीचा सच्छिद्र थर असतो. समईची वात जसं तेल वर ओढते तसा तो थर पाणी मागे ओढून आणतो. लॅपटॉप चालू असेपर्यंत हा उलटसुलट प्रवास अखंड सुरू. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी करून दाखवली. 'हीट पाइप' हे नावही त्यांचंच. त्या वेळी डोळ्यांसमोर होती अंतराळयानं. आज ती आपल्या मांडीवर असते. ती सहसा बिघडत नाही. पण कुणी निष्काळजीपणे उचकटताना दुमडली किंवा तिला बारीक चीर गेली तर आतली पोकळी संपते आणि मग तिची फक्त तांब्याची नळी उरते. चिपकडचं टोक पोळतंय आणि दुसरं टोक जेमतेम कोमट, असं असेल तर ती बदलावी लागते.

नळीच्या दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांची दाट फणी असते आणि तिच्यामागे छोटा पंखा. पंखा तळाच्या जाळीतून हवा आत घेतो आणि फणीतून बाहेर फेकतो. बहुतेक लॅपटॉपचा श्वास कोंडतो तो इथे, फणी आणि पंखा यांच्या मधल्या अरुंद जागेत.

न उघडताही अडथळा कुठे आहे याचा अंदाज घेता येतो आणि त्यासाठी आपला तळहात पुरतो. लॅपटॉपला काम द्या, पंखा जोरात फिरू द्या आणि हवा बाहेर पडते त्या झरोक्यापाशी हात धरा. हवा जोरात आणि चांगली गरम येत असेल तर वाट मोकळी आहे. काम जास्त आहे किंवा खोली तापली आहे. पंखा ओरडतोय पण हवा नावालाच येतेय, तर फणी तुंबली आहे. हवा जोरात येतेय पण फारशी गरम नाही आणि प्रोसेसर मात्र नव्वदीच्या पुढे, तर उष्णता फणीपर्यंत पोहोचतच नाही: पेस्ट सुकली आहे, पट्टी नीट टेकत नाही किंवा नळी गेली आहे. आवाजही नाही आणि हवाही नाही, तर पंखाच बंद. आम्ही वर्तमानपत्राची बोटभर पट्टी कापून झरोक्यासमोर धरली. पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जात होता आणि पट्टी जेमतेम थरथरत होती.

वॉरंटीत असलेला लॅपटॉप घरी उघडू नये, तो सरळ सर्व्हिस सेंटरला न्यावा. हा पाच वर्षांचा होता. भाचीला म्हटलं, तूच उघड, मी सांगतो. आधी पूर्ण बंद केला, चार्जर काढला. एका कोऱ्या कागदावर तळाची आकृती काढली आणि निघालेला प्रत्येक स्क्रू आकृतीतल्या त्याच्या जागी चिकटपट्टीनं लावला. हे महत्त्वाचं आहे, कारण स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो थेट बोर्डात घुसतो. झाकण जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं हलकेच सोडवलं. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी काढणं. इथे आळस करू नये. मग पंख्याचे तीन स्क्रू काढले.

पंखा उचलला आणि भाची क्षणभर काही बोललीच नाही. फणीच्या तोंडावर धुळीचा थर नव्हता, तिथे चक्क एक पट्टी तयार झाली होती. करड्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी रुंद, चिमट्यानं धरून ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघाली, कापसाच्या पेळूसारखी. गादीतला कापूस, केस, उदबत्तीचा धूर, स्वयंपाकघरातल्या फोडणीची वाफ, सगळं त्यात दाबून बसलं होतं. कूलरनंही हातभार लावलेला असणार. कूलर खोली निववतो म्हणून लॅपटॉपला मदतच करतो, पण त्याच्या अगदी समोर ठेवला तर दमट हवेतली धूळ फणीला चिकटून घट्ट होते. बाहेरच्या झरोक्यातून टॉर्च मारली असती तर फणी स्वच्छ दिसली असती. धूळ बसते ती पंख्याकडच्या बाजूला. म्हणूनच पुष्कळ जण "मी तर वरून साफ करतो" म्हणतात आणि लॅपटॉप तरीही तापत राहतो.

बाहेरून ब्लोअर मारायची पद्धत दुकानांत सर्रास दिसते. त्यानं अशी पट्टी निघत नाही. उलट ती आणखी आत दबते आणि हवेच्या झोतानं पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पुढे फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. हवा मारायचीच असेल तर पात्यांत दातकोरणी अडकवून पंखा रोखून धरावा. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ आणू नये, त्याच्या नळीवर स्थितिक वीज साठते. आम्ही मऊ ब्रशनं पाती आणि फणी साफ केली. त्यावर काही शिंपडलं नाही, ओलं फडकं लावलं नाही.

धूळ काढल्यावर थांबता आलं असतं, पण पाच वर्षांत पेस्ट एकदाही बदललेली नव्हती. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बारीक आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट क्रमानं आणि बसवताना त्या क्रमानं, सगळे थोडे थोडे पिळत जायचे, म्हणजे दाब एकसारखा येतो आणि चिपचा कोपरा तुटत नाही. जुनी पेस्ट खरोखर चुन्यासारखी निघाली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड घेऊन दोन्ही पृष्ठभाग लखलखीत केले. नवी पेस्ट तुरीच्या डाळीएवढी. जास्त लावली की जास्त थंडावा मिळतो, असा समज आहे. पेस्ट फटीपुरतीच हवी, जाड थर झाला तर तोच अडथळा होतो. शेजारच्या मेमरी चिपांवर रबरासारखे मऊ थर्मल पॅड असतात. त्यांची जाडी ठरलेली असते, त्यांच्या जागी पेस्ट भरू नये. आणि उघडल्यावर पेस्टऐवजी पाऱ्यासारखा चकचकीत द्रव दिसला तर हात थांबवावा. काही महागड्या गेमिंग लॅपटॉपमध्ये द्रवधातू वापरतात. तो वीजवाहक असतो, बोर्डावर सांडला तर शॉर्ट होतो. ते काम जाणकाराकडेच द्यावं.

उघडलेल्या लॅपटॉपमध्ये एक नजर बॅटरीवर टाकावीच. ती फुगलेली दिसली, किंवा उघडण्याआधीच टचपॅड वर उचलल्यासारखा झाला असेल, तर बाकी सगळं बाजूला. फुगलेली लिथियम बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. लॅपटॉप वापरणं थांबवून ती बदलून घ्यावी आणि जुनी ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी, घरच्या कचऱ्यात नाही. सततच्या उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते. उष्णतेची झळ बाकीच्या भागांनाही लागते. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियानं लॅपटॉपच्या काही ग्राफिक्स चिपांच्या पॅकेजिंगमधल्या कमकुवत सामग्रीपायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले होते; वारंवार तापण्या-निवण्यानं जोड निकामी होण्याचा तो प्रश्न होता. दुपारी बंद पडतो आणि संध्याकाळी चालतो म्हणून महिनोन्महिने तसाच वापरत राहू नये, ते एवढ्यासाठी.

सॉफ्टवेअरकडेही बघावं. टास्क मॅनेजरमध्ये काहीही काम नसताना प्रोसेसर चाळीस-पन्नास टक्क्यांवर असेल तर कोण खातंय ते शोधावं. अँटिव्हायरसची तपासणी किंवा अपडेट असेल तर ते थोड्या वेळात संपतं. अनोळखी नावाचं काही दिवसरात्र चालू असेल तर व्हायरस समजून उपाय करावा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' दिसत असेल तर शंभरऐवजी ९९ टक्के करावं. एका टक्क्यानं काय होणार, असं वाटतं, पण त्यामुळे सहसा टर्बो, म्हणजे चिपची गरजेला वेग वाढवायची सोय, बंद होतो आणि तापमान बऱ्यापैकी खाली येतं. उन्हाळ्यापुरती ही तडजोड चांगली.

आणि ठेवायची जागा. गादीवर, उशीवर, गोधडीवर लॅपटॉप ठेवला की तळाची जाळी बुजते. पलंगावर बसून अभ्यास करायची सवय मुलांची सुटणार नाही, म्हणून बहिणीनं माळ्यावरचा जेवणाचा पाट काढून दिला. पाटावर लॅपटॉप आणि मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची दोन झाकणं, म्हणजे तळाखालून वारा खेळतो. पाचशे-हजारांचे कूलिंग पॅड मिळतात, त्यांचाही थोडा उपयोग होतो. पण फणी तुंबलेली असताना खालून कितीही वारा घातला तरी तो आत जाणार कुठून?

सगळं जोडून सुरू केलं तेव्हा साडेपाच वाजले होते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी. खोलीतल्या तापमापीवर ४२. भाचीनं तीच फाइल उघडली आणि मी शेजारी बसून आकडा बघत राहिलो. ७१, ७८, ८४. पंखा चढला, कागदाची पट्टी झरोक्यासमोर आडवी झाली. ८६ वर येऊन आकडा थांबला आणि तासभर तिथेच घुटमळत राहिला. तीन वाजता तिचं रेंडर पूर्ण झालं. पेस्टची नळी, ब्रश आणि अल्कोहोलची बाटली मिळून साडेपाचशे रुपये लागले होते. स्क्रूंचा तो कागद तिनं घडी घालून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवला आणि मागच्या बाजूला पुढच्या वर्षीच्या मार्चमधली एक तारीख लिहिली.